रामेश्वरच्या वाटेवरील शेवटचा मुक्काम

इ. स. १८०१ च्या जानेवारी महिन्यात तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी कंपनी सरकारचा तेथील रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक पत्र लिहिले. राजांचे वय तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. गादीवर बसून त्यांना पुरती तीन वर्षेही झाली नव्हती, आणि तेवढ्या अवधीत राज्य हातचे गेले होते. १७९९ च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने सारा मुलकी कारभार कंपनीने आपल्याकडे घेतला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, सालीना एक लक्ष होनांची नेमणूक आणि वसुलातील पाचवा हिस्सा. अशा स्थितीतला राजा रेसिडेंटला पत्र लिहितो तेव्हा त्यात काय असेल, याचा अंदाज आपण सहज बांधू शकतो. नेमणूक वाढवा, मानमरातब राखा, आणखी काही तोफांची सलामी द्या! त्या काळच्या संस्थानी दप्तरांतून अशा अर्जांचे ढीग सापडतात.

सरफोजींचे मागणे वेगळे होते. पूर्वजांनी रामेश्वरच्या वाटेवर जी छत्रे घातली आहेत, तेवढी आमच्या घराण्याकडून काढून घेऊ नका, असे त्यांनी विनविले. या दानधर्मामुळे तंजावरच्या राज्याला लोक धर्मराज्य म्हणतात आणि हे नाव मला माझ्या पदातील सर्वांत मोठा मान वाटतो, असाही आशय त्यांनी पत्रात मांडला आहे.

छत्र म्हणजे अन्नछत्र, एवढाच अर्थ आज आपल्या मनात येतो. पंगत बसते, भात वाढला जातो, पांथस्थ हात धुऊन पुढच्या वाटेला लागतो. तंजावरचे छत्र याहून पुष्कळ मोठे होते. तेथे भात होता, शाळा होती, वैद्य होता. आणि ज्याची पुढची वाटच संपली आहे अशा माणसाला तेथे जागाही होती. आजच्या भाषणात मला या शेवटच्या माणसाविषयी बोलावयाचे आहे. मरणोन्मुख मनुष्याला निवांतपणे पडून राहता यावे अशी वास्तू कशी असावी, हा प्रश्न गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभरच्या वास्तुशिल्पज्ञांपुढे आला आहे. त्याचे एक जुने उत्तर आपल्याच मराठी राजवटीने, महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीच्या खोऱ्यात देऊन ठेवले आहे, असे मला वाटते.

प्रथम ती वाट पाहू. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी इ. स. १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि तेथून १८५५ पर्यंत भोसल्यांचे घराणे तेथे नांदले. या राज्यातून एक फार जुना मार्ग जात होता, तो रामेश्वराचा. काशीची गंगा रामेश्वराला वाहावयाची आणि रामेश्वरची वाळू काशीला न्यावयाची, या यात्रेचा शेवटचा टप्पा तंजावरच्या मुलखातून जाई. एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यातील करुणेकडे आपले लक्ष जाते. पण त्या वाटेवर प्राणी आणि माणसे तडफडून मरत, ही त्या कथेमागची साधी वस्तुस्थिती आपल्या ध्यानी राहत नाही.

यात्रेला जाणारे लोक बहुधा उतारवयाचे असत. मुलाबाळांची लग्ने उरकली, शेतीवाडीची वाटणी झाली, की मनुष्य यात्रेला निघे. निघताना गावकुसापर्यंत सारा गाव पोचवावयाला येई. परत आल्यावर मावंदे घालीत. हा मावंद्याचा समारंभ एवढा मोठा का होई? परतणे गृहीत धरलेले नव्हते म्हणून. पटकी, हिवताप, सर्पदंश, नुसता थकवा, यांपैकी काहीही वाटेत गाठी. म्हणून या वाटेवरच्या धर्मशाळेला मृत्यू हा अधूनमधून येणारा पाहुणा नव्हता. तो नित्याचाच होता, आणि त्याची व्यवस्था आधीपासून करून ठेवणे प्राप्त होते.

ती व्यवस्था कशी होती, हे सरफोजींच्या त्या पत्रात आले आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत सर्व पांथस्थांना, जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व पंथांच्या यात्रेकरूंना शिजविलेला भात मिळे; जे शिजविलेले घेत नसत त्यांना कोरडा शिधा. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवीत आणि कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, असे पुकारीत. पुढे जाण्याची शक्ती ज्यांना राहिली नाही त्यांना, ते राहतील तोवर, तेथेच अन्न मिळे. प्रत्येक छत्रात वेदांचे अध्यापक, पंतोजी, आणि रोग, सूज व सर्पविष यांवर उपचार करणारे वैद्य नेमलेले असत. वाटेत पोरक्या झालेल्या मुलांना पंतोजीच्या हवाली करीत; त्यांना तीन वेळा जेवण आणि दर चार दिवसांनी तेलाचे अभ्यंग! गरोदर स्त्रीचे बाळंतपण मायेने केले जाई व बाळंत झाल्यावर तीन महिने तिला राहू देत. आजारी माणसाला औषध आणि पथ्याचे अन्न मिळे, त्याची शुश्रूषा आदराने होई. आणि जो मरण पावे, त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे केले जात.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे सावध राहिले पाहिजे. हे पत्र म्हणजे अर्ज आहे, आणि अर्जात कोणी आपले उणे लिहीत नाही. सरकारी नोकरीत माझी वीसएक वर्षे अर्ज वाचण्यात गेली आहेत. त्यातले किती घ्यावे आणि किती सोडावे याचा एक अंदाज हाताला आलेला असतो. दररोज मध्यरात्री घंटा वाजतच होती, प्रत्येक वैद्य जाणकारच होता, असे मी धरून चालत नाही. परंतु दर चार दिवसांनी तेल, बाळंतिणीला तीन महिने, असे आकडे नुसत्या अलंकारातून येत नाहीत. ते कोणाच्या तरी हिशेबाच्या वहीतून येतात. त्यांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते न दिलेल्या आकड्याचे कलम. दुर्बल पांथस्थाने किती दिवस राहावे, याला मुदत नाही. बाळंतिणीला तीन महिने. मरणाऱ्याला, तो राहील तोवर.

सरफोजींना हे कोठून सुचले? छत्रांची परंपरा पूर्वजांची होती, हे ते स्वतःच सांगतात. प्रतापसिंह राजांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यास, नीडामंगलम् येथे यमुनांबा राणीच्या नावाने छत्र झाले आणि गावालाही यमुनांबापुरम् हे नाव पडले. छत्रांना राजस्त्रियांची नावे देण्याचा हा प्रघात पुढे चालू राहिला. पण सरफोजींच्या बाबतीत मला दोन मृत्यू महत्त्वाचे वाटतात.

पहिला ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याचा. तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या या मुलाचा पालक म्हणून श्वार्ट्झने काम केले, अमरसिंहाच्या कारकीर्दीत त्याचे रक्षण केले, शिक्षणाची सोय केली. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला. सरफोजी तेव्हा वीस वर्षांचे होते, आणि गादी मिळावयाला अजून काही महिने अवकाश होता. पुढे त्यांनी लंडनचा प्रख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून या गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये ते आहे. स्मारक म्हटले म्हणजे धर्मोपदेशक हात उंचावून उपदेश करीत आहे, असे काही आपण अपेक्षितो. येथे खाटेवर म्हातारा पडला आहे, आणि तरुण राजा जवळ उभा राहून त्याचा हात हाती धरून आहे. बाजूला दुसरा एक पाद्री, आणि काही मुले. भोसले कुळातील हिंदू राजा एका लूथरपंथी पाद्र्याच्या मृत्युशय्येपाशी आहे. आणि आपले हेच रूप त्याने दगडात कोरून ठेवावयास सांगितले आहे. राजेलोक आपली कोणती रूपे कोरून ठेवीत असत, हे आठवून पाहावे.

दुसरा मृत्यू मुक्तांबेचा. ती सरफोजींची प्रिय सहचरी होती, विधिपूर्वक वरलेली राणी नव्हती. तरुणपणीच ती गेली. मरतेवेळी तिने, माझ्या नावाने एक छत्र घाला, असे मागितले अशी परंपरा आहे. टॉरिनला पत्र लिहिल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १८०२ मध्ये, तंजावरच्या दक्षिणेस पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर ओरत्तनाडू येथे मुक्तांबा छत्र उभे राहिले. राण्यांच्या मालिकेत या बिनराणीचे नाव असे जाऊन बसले. ज्या छत्रांसाठी सरफोजी विनवणी करीत होते त्यांत भर घालण्याची उमेद त्यांना राहिली होती, हे मला विशेष वाटते.

या वास्तूचे एक वैशिष्ट्य पाहणाऱ्याच्या तत्काळ ध्यानी येते. तिच्या जोत्याला रथाचे रूप दिले आहे. घोडे आणि हत्ती जणू सारी इमारत ओढून नेत आहेत. दक्षिणेतील देवळांत रथाकार मंडप पुष्कळ आहेत. चोळांच्या काळचे दारासुरम् येथील ऐरावतेश्वराचे मंदिर तंजावरपासून फार लांब नाही, आणि तेथेही घोडे जोडलेला दगडी रथ आहे. तेव्हा कल्पना नवी नव्हती. पण देवासाठी योजलेले हे रूप पांथस्थांच्या घराला द्यावे, यात काही विचार असावा. जो येथे येऊन थकून पडला, त्याचे वाहन अजून थांबलेले नाही, असे काही त्या शिल्प्याच्या मनात होते की काय? कागदोपत्री पुरावा मजजवळ नाही, आणि शिल्पावरून फार मोठे अर्थ काढण्याची खोड चांगलीही नव्हे. तरीपण जोत्यावरचे ते घोडे डोळ्यांपुढून हलत नाहीत, एवढे खरे.

रथाचे रूप हा अलंकार झाला. छत्राची खरी रचना आपल्या जुन्या वाड्यासारखीच असे. तमिळ घरांची घडणही फारशी निराळी नाही. रस्त्याच्या बाजूला लांबच लांब ओटा, त्यावर छप्पर उतरलेले. आत चौक, वर मोकळे आकाश. चौकाभोवती खांबांची ओसरी. मागे पाकशाळा, शेजारी विहीर किंवा तळे, आणि जवळ देऊळ. ओट्यावर येऊन टेकावयाला कोणाची परवानगी लागत नाही, हा त्या ओट्याचा मोठा गुण. दाराच्या आत यावयाचे तर नाव-गाव विचारले जाते. ओट्यावर बसणाऱ्याला कोणी काही विचारीत नाही. ज्याला बोलण्याचेही त्राण नाही अशा माणसाला अशी जागा म्हणजे केवढी सोय! आणि त्याला उचलून आत ओसरीवर निजविले, तर तेथे पडल्यापडल्या त्याला काय दिसत असेल? चौकावरचे आकाश, पावसाळ्यात पागोळ्या, पाणी भरणाऱ्या बाया, पंगतीची धांदल. पाठशाळेतील मुलांची संथा कानी पडत असेल, संध्याकाळी देवळातील दीपाराधना, आणि मध्यरात्री ती घंटा. हे चित्र मी अनुमानाने रंगवीत आहे. पण ज्या इमारतीत शाळा, सूतिकागृह, पाकशाळा आणि रुग्णाची पथारी एकाच छपराखाली आहेत, तिच्यात मरणारा मनुष्य जिवंत माणसांपासून दूर असूच शकत नाही, हे अनुमान नव्हे.

येथे एक खाजगी आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या वडिलांचे शेवटचे अकरा दिवस एका मोठ्या रुग्णालयात गेले. उपचारांत काही उणे नव्हते. डॉक्टर आणि परिचारिका मनापासून झटत होत्या. खोलीला खिडकीही होती. पण ती खाटेच्या उशामागे होती. वडिलांना दिसे ते पांढरे छत आणि त्यावरचा पंखा. एके दिवशी दुपारी त्यांनी मला विचारले, "बाहेर ऊन पडलंय का रे?" जन्मभर ज्यांनी घड्याळ न पाहता उन्हावरून वेळ सांगितली, त्यांना तो प्रश्न विचारावा लागला. आई दिवसभर जिन्याच्या पायरीवर बसलेली असे, कारण खोलीत दुसऱ्या माणसाला बसण्याची जागाच ठेवलेली नव्हती. दोष कोणाचाच नव्हता. खाट कोठे ठेवावयाची हे ठरविताना खाटेवरच्या माणसाचे डोळे कोणत्या दिशेला असतील, हा विचार नकाशात आला नव्हता, इतकेच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५९ सालीच लिहून ठेवले होते की, रोग्याला अंथरुणावरून खिडकीबाहेरचे दिसावे, निदान आकाश आणि ऊन तरी दिसावे. पुढे १९८४ मध्ये रॉजर उल्‌रिक या अमेरिकन संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाची जुनी कागदपत्रे तपासली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रोग्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली व ते लवकर घरी गेले. तपासलेल्या जोड्या अवघ्या तेवीस, तेव्हा फार मोठा डोलारा त्यावर उभारू नये. पण आजीबाईच्या बटव्यातले शहाणपण कोणी तरी मोजून पाहिले, एवढे तरी समाधान.

युरोपातही या घराचे मूळ प्रवाशांच्या निवाऱ्यातच सापडते. हॉस्पिस आणि हॉस्पिटल हे दोन्ही शब्द लॅटिनमधील ज्या शब्दापासून आले, त्याचा अर्थ यजमान आणि पाहुणा असा दुहेरी आहे. मध्ययुगात यात्रेच्या मार्गांवर मठांनी चालविलेली जी वसतिस्थाने होती, ती हॉस्पिसे. तेथेही वाटसरू, आजारी आणि मरणासन्न असे तिघे एकाच दारातून आत येत. फ्रान्समधील बोन या गावी १४४३ मध्ये निकोला रोलँ या मुत्सद्द्याने गोरगरिबांसाठी एक रुग्णालय बांधले. त्याच्या लांबलचक दालनात दोन्ही भिंतींना लागून पडदे लावलेल्या खाटांच्या रांगा आहेत, आणि टोकाला प्रार्थनामंदिर. खाटेवरून न उठता रोग्याला पूजा दिसावी, अशी ती योजना. दालनाचे लाकडी छत उलट्या ठेवलेल्या जहाजासारखे दिसते आणि त्याच्या तुळया रंगविलेल्या आहेत. पांढऱ्या छताकडे पाहत पडलेल्या माझ्या वडिलांची आठवण मला या वर्णनाने होते. त्या छताकडे पाहणाऱ्यांना निदान पाहण्यासारखे काही होते. मात्र प्रार्थनामंदिरात जे चित्र होते ते अंतिम न्यायाचे, नरकात पडणाऱ्या पाप्यांसह! मरणाऱ्याला दिलासा देण्याच्या कल्पना काळाकाळाच्या निराळ्या असतात.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात रुग्णालये शास्त्रीय झाली, आणि हा पाहुणा त्यांना नकोसा झाला. जो बरा होणार नाही, त्याचे काय करावे हे त्या व्यवस्थेला ठाऊक नव्हते. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली मरणोन्मुख रुग्णांसाठी जी वास्तू उभारली, तिच्यापासून आधुनिक हॉस्पिसची चळवळ सुरू झाली असे मानतात. तिला त्यांनी नाव दिले ते संत ख्रिस्तोफरचे, म्हणजे प्रवाशांच्या पाठीराख्या संताचे. या कामाचे बीज १९४८ मध्ये पडले. डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश ज्यू निर्वासित लंडनच्या रुग्णालयात कर्करोगाने मरत होता. त्याला आपले असे कोणी नव्हते. साँडर्सबाईंशी त्याच्या गोष्टी होत. अशा माणसांसाठी एखादे घर असावे, असे दोघांच्या बोलण्यात येई. जाताना त्याने आपले पाचशे पौंड त्यांना ठेवले, आणि त्या घरात मी एक खिडकी होईन, असे सांगितले. घर उभे राहावयाला एकोणीस वर्षे लागली. ती खिडकी तेथे आहे.

मुंबईत वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, १९८६ मध्ये डॉ. लुईस डिसोझा यांनी शांति अवेदना सदन सुरू केले; भारतातील हे पहिले हॉस्पिस. अवेदना म्हणजे वेदनेचा अभाव. हा शब्द येथे मुद्दाम उच्चारतो, कारण तंजावरच्या छत्राचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत, आणि त्यांतली एक हीच आहे. छत्रात माया होती, वेदनेवर खात्रीचा उपाय नव्हता. सरफोजींना वैद्यकाची विलक्षण आवड होती. धन्वंतरी महालात त्यांनी औषधांचे संशोधन चालविले, नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून त्यांची टिपणे ठेवली. ती टिपणे आजही उपलब्ध आहेत. पण मुक्तांबा छत्र बांधले जात होते त्याच सुमारास जर्मनीत एक औषधविक्या अफूपासून मॉर्फिन वेगळे करण्याच्या खटपटीत होता, आणि ते औषध छत्रातील पथारीपर्यंत पोचणार नव्हते. पुढेही ते सहज पोचले नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने आपल्या देशात मॉर्फिन मिळविणे एवढे जिकिरीचे करून ठेवले की, कर्करोगाच्या असंख्य रोग्यांना ते पाहावयालाही मिळाले नाही. कायद्यात दुरुस्ती व्हावयाला २०१४ साल उजाडले. ओसरी कितीही हवेशीर असली तरी हाडात शिरलेली कळ तिने थांबत नाही.

दुसरी गोष्ट जातीची. अन्न सर्वांना होते. पंगत एक नव्हती. जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार, या कलमाकडे आपण दोन बाजूंनी पाहू शकतो. परमुलखात, अनोळखी लोकांत मरणाऱ्या माणसाला आपल्या रीतीने आपला अग्नी किंवा आपली माती मिळेल, हा भरवसा त्या काळी केवढा मोठा होता, हे नाकारता येत नाही. पण ज्याला जन्मभर चौकाबाहेर उभे केले, त्याला शेवटच्या दिवसातही चौकावरचे आकाश दिसले नसणार. ओटा सर्वांचा आणि ओसरी काहींची, ही भिंत शिल्प्याच्या हातून उभी राहिली नसली तरी ती त्या इमारतीत होतीच.

१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी औरस पुत्रावाचून वारले आणि तंजावरचे राज्य नावापुरतेही उरले नाही. छत्रांची व्यवस्था पुढे स्थानिक बोर्डांकडे गेली. आगगाडी आली, रामेश्वरचा पायरस्ता ओस पडला, वाटसरूच नाहीसे झाले. जमिनींचे उत्पन्न होते, तेव्हा ते शिक्षणाकडे वळविण्यात आले. मुक्तांबा छत्राच्या वास्तूचा उपयोग शाळेसाठी आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी झाला. हे काही वाईट झाले असे कोणी म्हणणार नाही. पंतोजी आणि पोरके मूल, ही छत्राची अर्धी बाजू त्यातून जगली. ओसरीवरचा रुग्ण मात्र त्या हिशेबातून गळला, आणि तो कधी गळला याची कोठे नोंद नाही.

दोनेक वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एका रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे नकाशे मंजुरीसाठी आले होते. असाध्य रोग्यांसाठी तेथे बारा खाटांचा स्वतंत्र विभाग योजलेला होता. प्रतिखाट क्षेत्रफळ, प्राणवायूची नळी, जिना, उद्वाहक, अग्निशमन, सारे नियमाप्रमाणे होते. खिडक्या कोठे आहेत हे मी प्रथम पाहिले. मग मुक्तांबेचे छत्र आठवले, आणि समासात पेन्सिलीने लिहिले : रोग्यासोबत आलेल्या माणसाने रात्री कोठे झोपावयाचे, ते नकाशात दाखविलेले नाही. अशा शेऱ्यासाठी विहित नमुन्यात रकाना नाही, म्हणून फाइल खुलाशासह परत पाठवावी, असे उत्तर आले. मी खुलासा लिहिला. त्यात १८०१ च्या पत्राचा उल्लेख करावा की नाही, यावर बराच विचार केला, आणि शेवटी केला.